ट्रॅव्हल बेसबॉल क्लबची दोन वर्षे: फीच्या मोबदल्यात नेमके काय मिळाले

आमचा मुलगा बारा वर्षांचा असताना आम्ही त्याला अटलांटाच्या उत्तरेकडच्या उपनगरांत चालणाऱ्या एका ट्रॅव्हल बेसबॉल क्लबमध्ये घातले, आणि १२यू व १३यू (बारा व तेरा वर्षांपर्यंतचे वयोगट) असे दोन पूर्ण हंगाम तो तिथेच खेळला. क्लबचे नाव मी लिहीत नाही, कारण ज्या गोष्टी मला खटकल्या त्या एकट्या या क्लबच्या नाहीत, हे दोन वर्षे इतर संघांच्या पालकांशी बोलून माझ्या लक्षात आले आहे. हा अभिप्राय मुख्यतः अशा मराठी पालकांसाठी आहे, जे क्रिकेट बघत वाढले, ज्यांना बेसबॉलमधले बारकावे मुलाबरोबरच शिकावे लागत आहेत, आणि ज्यांच्यासमोर एखाद्या क्लबने नुकताच करार ठेवून सही मागितली आहे.

ज्यांचा याच्याशी अजून संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९३९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट येथे सुरू झालेल्या लिटल लीगमध्ये, किंवा गावच्या रिक्रिएशन लीगमध्ये, एका परिसरातली मुले एकत्र खेळतात, प्रशिक्षक बहुधा कोणाचे तरी आईवडीलच असतात आणि फी बेताची असते. ट्रॅव्हल संघाला परिसराची अट नसते. मुले निवड चाचणी देऊन येतात, प्रशिक्षक पगारी असतात आणि जवळजवळ प्रत्येक शनिवार-रविवार दुसऱ्या गावातल्या स्पर्धेत जातो. आमच्याकडे निवड चाचणी ऑगस्टच्या सुरुवातीला झाली, त्याच रात्री फोन आला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ५०० डॉलर भरले तरच जागा राहील असे सांगण्यात आले. आम्ही भरले. आज विचारले तर सांगेन की ज्या क्लबला एक दिवस थांबता येत नाही, त्याला मुलाच्या वाढीसाठी थांबण्याची सवय असण्याची शक्यता कमी असते.

पैशांचा हिशेब आधी मांडते, कारण करारावरचा आकडा आणि वर्षअखेरचा आकडा यांत मोठे अंतर पडते. वर्षाची फी २,६०० डॉलर होती, गणवेश व बॅग मिळून ४५० डॉलर. पण पहिल्या वर्षाचा आमचा एकूण खर्च ७,८०० डॉलरच्या पुढे गेला, कारण बाहेरगावच्या सात स्पर्धांपैकी चार स्पर्धांत आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलांतच राहण्याची सक्ती होती, प्रेक्षक म्हणून आम्हा दोघांना दर स्पर्धेला वेगळे प्रवेशशुल्क होते, आणि मूल वाढत असल्यामुळे साडेतीनशे डॉलरची बॅट एका हंगामात अपुरी पडली. बॅटच्या बाबतीत घाई करू नका. हायस्कूलला गेल्यावर बीबीकोर या मानकाने प्रमाणित बॅटच चालते, जिचे औंसांतले वजन तिच्या इंचांतल्या लांबीपेक्षा फार तर तीनने कमी असू शकते, त्यामुळे लहान गटातली महागडी हलकी बॅट तिथे कामाला येत नाही. १२यूच्या उन्हाळ्यात बहुतेक संघ कूपर्सटाउनची, म्हणजे बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमच्या गावची, वारी करतात, तिचा दर मुलामागचा हजाराहून अधिक डॉलरचा खर्च वेगळा. ती वारी मात्र मी पैसे वसूल झाले अशा खात्यात टाकते. मुले आठवडाभर बराकीसारख्या खोल्यांत एकत्र राहिली, देशभरातल्या संघांशी टोपीवरच्या पिना अदलाबदल करत हिंडली, आणि हॉल ऑफ फेमच्या संग्रहालयात विख्यात फलंदाज हँक ॲरनच्या दालनासमोर आमचा मुलगा इतका वेळ उभा राहिला की त्याच्या बाबांना त्याला शोधत परत यावे लागले.

आता ज्यासाठी आपण पैसे भरतो त्या शिकवण्याबद्दल. इनफिल्डचे, म्हणजे फलंदाजाजवळच्या आतल्या मैदानातल्या क्षेत्ररक्षणाचे, शिक्षण या क्लबमध्ये मनापासून चांगले होते, आणि त्याचे श्रेय महाविद्यालयात शॉर्टस्टॉप या इनफिल्डमधल्या जागेवर खेळलेल्या एका तरुण प्रशिक्षकाला आहे. पहिले सहा आठवडे त्याने मुलांना हातमोजाच दिला नाही. गुडघ्यांवर बसवून, भिंतीवर आपटून येणारा चेंडू उघड्या हातांनी पकडायला लावले, म्हणजे चेंडूवर झडप घालण्याऐवजी तो मऊ हाताने सामावून घेण्याची सवय लागते. त्यानंतर पाय. पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) हात पुढे येतो त्या क्षणी दोन्ही पायांची एक लहानशी उडी घ्यायची आणि चेंडू बॅटला लागतो त्या वेळी पाय जमिनीवर टेकलेले, वजन पुढे असे उभे राहायचे. ही उडी चुकली की चेंडू कितीही सोपा असो, तो प्रशिक्षक सराव थांबवून पुन्हा करून घेत असे. आमचा मुलगा आधी चेंडूची वाट पाहायचा, आता तो चेंडूकडे जातो, आणि हा फरक खेळ न समजणाऱ्या माणसालाही दिसतो. आठवड्यातून दोन सराव आणि वर्षाला साठेक सामने यांमुळे जी नजर बसते, ती रिक्रिएशन लीगच्या पंधरा सामन्यांत बसणे कठीण आहे. खेळायला मिळणाऱ्या संधींचे वाटपही पहिल्या वर्षी न्याय्य होते. बारा मुलांचा संघ, सगळी मुले फलंदाजीच्या क्रमात, आणि सलग दोन सामने कोणीही बाकावर बसलेले नाही.

दुसऱ्या वर्षी संघात सोळा मुले घेतली गेली. क्लबचे उत्पन्न वाढले, पण मैदानावर जागा नऊच असतात. चार मुलांना पूर्ण शनिवार पाण्याच्या बाटल्या भरण्यापलीकडे काही काम नसे, आणि त्यांचे पालक आमच्याइतकीच फी भरत होते.

याच ठिकाणी मैदानाच्या मापांबद्दल सांगायला हवे, कारण मुलाच्या वाटचालीबद्दलचे कितीतरी गैरसमज तिथून सुरू होतात. लिटल लीगमध्ये दोन बेसमधले (धावताना गाठायच्या टप्प्यांमधले) अंतर ६० फूट आणि पिचरचे फलंदाजाच्या बाजूच्या होम प्लेटपासूनचे अंतर ४६ फूट असते. ट्रॅव्हलमध्ये १२यूला ते ७० आणि ५० फूट होते, १३यूला ८० आणि ५४, आणि त्यानंतर थेट मोठ्यांचे ९० फूट आणि ६० फूट ६ इंच. बाराव्या वर्षी ज्या मुलाला मिशी फुटू लागली आहे तो ५० फुटांवरून चेंडू टाकतो तेव्हा समोरच्या लहानखुऱ्या मुलाला बॅट हलवायलाही वेळ मिळत नाही, आणि सगळे पालक त्याला भावी व्यावसायिक म्हणू लागतात. दोन वर्षांनी अंतर वाढते, बाकीची मुलेही उंच होतात आणि चित्र पार बदलते. आमच्या १२यू संघाचा सर्वांत धिप्पाड पिचर आज सामान्य खेळाडू आहे, यात त्याचा काही दोष नाही, पण त्याच्या घरच्यांना दोन वर्षे जे सांगितले गेले ते ऐकून मला त्या मुलाची काळजी वाटते. या वयातल्या संघांच्या राष्ट्रीय क्रमवाऱ्यांना क्लब आपल्या जाहिरातीत जे स्थान देतात, ते म्हणूनच मला अनाठायी वाटते.

माझी सर्वांत मोठी तक्रार हातांबद्दल आहे. पहिल्या वर्षीच्या मे महिन्यातल्या एका स्पर्धेत शनिवारी सकाळी नऊच्या सामन्यात आमच्या मुलाने तीन इनिंग पिचिंग करून ४७ चेंडू टाकले. दुपारी तो कॅचर (फलंदाजामागचा, यष्टिरक्षकासारखा खेळाडू) म्हणून खेळला, म्हणजे प्रत्येक चेंडूनंतर पिचरकडे परतफेक आलीच. रविवारी अडीच वाजता उपांत्य सामना होता. पाचव्या इनिंगमध्ये आमच्याकडे एका धावेची आघाडी होती, दोन बेसवर प्रतिस्पर्धी उभे होते, आणि मुख्य प्रशिक्षकाने मुलाला विचारले, “हात कसा आहे?” त्याने ताबडतोब “छान आहे” म्हणून सांगितले. बारा वर्षांचा मुलगा, सगळे सोबती बघत असताना, दुसरे काय सांगणार? मी डगआउटमागच्या कुंपणाशी उभी होते, आदल्या दिवशीचे ४७ चेंडू माझ्या वहीत पाच-पाच रेघांच्या जुड्यांत मांडलेले होते, आणि तरीही मी बोलले नाही, कारण जो पालक कुंपणापाशी जाऊन बोलतो त्याच्या मुलाला पुढच्या सामन्यात बसवतात अशी तिथे सगळ्यांची समजूत होती. याचे मला आजही वाईट वाटते. दहाव्या चेंडूनंतर त्याचे कोपर खांद्याच्या रेषेखाली उतरू लागले, चेंडू उंच जाऊ लागले, आणि दर चेंडूमागे तो उजवा हात झटकत होता. एकूण २२ चेंडू टाकून त्याने सामना जिंकून दिला. गाडीत बसल्यावर त्याने उजव्या खांद्यापाशी असलेला सीटबेल्ट डाव्या हाताने ओढून घेतला, तेव्हाच मला कळायला हवे होते. सोमवारी सकाळी तो म्हणाला, “आई, कंगवा धरला की आतल्या बाजूला दुखतंय.”

डॉक्टरांनी दोन्ही कोपरांचे एक्स-रे शेजारी-शेजारी लावून दाखवले. वाढत्या वयात कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे हाड अजून पूर्ण जुळलेले नसते, त्या ग्रोथ प्लेटवर वारंवार ताण पडून सूज येते. याला लिटल लीग एल्बो म्हणतात. सहा आठवडे चेंडू फेकणे पूर्ण बंद झाले. सुदैवाने कायमचे नुकसान झाले नाही.

यातली खेदाची बाब अशी की त्या स्पर्धेचा कोणताही नियम मोडला गेला नव्हता. तिथे चेंडू मोजत नव्हते, पिचरने मिळवलेले आउट मोजत होते, आणि तीन इनिंगमध्ये ३० चेंडू टाकणारा व ४७ टाकणारा मुलगा नियमाच्या नजरेत सारखेच होते. मेजर लीग बेसबॉल (सर्वोच्च व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल (देशाची बेसबॉल संघटना) यांनी २०१४ मध्ये पिच स्मार्ट नावाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत आणि ती कोणालाही मोफत वाचता येतात. त्यांनुसार बारा वर्षांच्या मुलाने एका दिवसात ८५ हून अधिक चेंडू टाकू नयेत. २१ ते ३५ चेंडूंनंतर एक दिवस, ३६ ते ५० नंतर दोन, ५१ ते ६५ नंतर तीन आणि त्याहून अधिक टाकल्यास चार दिवस विश्रांती घ्यावी. वर्षातले किमान चार महिने पिचिंग करू नये, आणि त्यांतले दोन-तीन महिने सलग खांद्यावरून चेंडू फेकणेच बंद ठेवावे. म्हणजे शनिवारच्या ४७ चेंडूंनंतर आमच्या मुलाने मंगळवारपर्यंत माउंडवर (पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर) पाऊल ठेवायला नको होते. अलाबामातील बर्मिंगहॅम येथल्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००६ मध्ये, खांद्याची किंवा कोपराची शस्त्रक्रिया झालेल्या किशोरवयीन पिचरांची निरोगी पिचरांशी तुलना केली, तेव्हा वर्षाला आठ महिन्यांहून अधिक काळ स्पर्धांत पिचिंग करणाऱ्यांत शस्त्रक्रियेची शक्यता पाचपट आणि थकलेल्या हाताने नेहमी पिचिंग करणाऱ्यांत छत्तीसपट आढळली. हे आकडे क्लबच्या भिंतीवर लावावेत असे मी लेखी सुचवले होते.

क्लबने काय केले तेही प्रामाणिकपणे सांगते. मुख्य प्रशिक्षकाने फोन करून दिलगिरी व्यक्त केली आणि दुसऱ्या हंगामात चेंडू मोजण्याचे काम एका पालकाला दिले. परंतु तो आकडा बंधनकारक नव्हता, अंतिम फेरी आली की तो विचारात घेतला जात नसे, आणि सहा आठवड्यांच्या फीबद्दल करारातल्या परतावा नसल्याच्या कलमाकडे बोट दाखवण्यात आले. स्टँडमध्ये बसलेल्या एका गृहस्थांनी मला समजावले की पुढे टॉमी जॉन शस्त्रक्रिया करून घेतली की हात उलट अधिक जोरकस होतो. ही समजूत घातक आहे. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातला फाटलेला अस्थिबंध (लिगामेंट) पहिल्यांदा नव्याने बसवला, ती एक फाटलेली गोष्ट दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया आहे. तिच्यानंतर पुन्हा सामन्यात उतरायला वर्ष ते दीड वर्ष लागते आणि सगळेच परत येत नाहीत. आमच्याच अटलांटा ब्रेव्ह्ज संघाचा जॉन स्मोल्ट्झ, जो ही शस्त्रक्रिया होऊनही हॉल ऑफ फेममध्ये पोचलेला पहिला पिचर आहे, त्याने २०१५ मध्ये कूपर्सटाउनच्या व्यासपीठावरून पालकांना कळकळीने सांगितले होते की बेसबॉल हा बारमाही खेळ नाही.

दुसऱ्या हंगामात क्लबने आम्हाला ६०० डॉलरची एक योजना देऊ केली: शोकेसमध्ये (निवडकर्त्यांसमोर खेळ दाखवण्याच्या कार्यक्रमात) भाग, रडार गनवर मोजलेला वेग, ६० यार्ड धावण्याची वेळ, बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूचा वेग, चित्रफीत, आणि महाविद्यालयीन प्रशिक्षकांच्या नजरेत येण्याची संधी. मुलगा तेरा वर्षांचा होता. एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेच्या नियमांनुसार डिव्हिजन १ या सर्वांत वरच्या श्रेणीचे बेसबॉल प्रशिक्षक मुलगा अकरावीत जाण्याआधीच्या १ ऑगस्टपूर्वी त्याच्याशी भरतीबाबत संपर्कच साधू शकत नाहीत, आणि हे आम्हाला विक्रीच्या वेळी सांगितले गेले नाही. आम्ही ती योजना घेतली नाही. शोकेसला माझा सरसकट विरोध नाही. पर्फेक्ट गेमसारख्या संस्थांच्या स्पर्धांत हायस्कूलच्या शेवटच्या दोन वर्षांत खेळणे उपयोगाचे ठरते, कारण तिथे निवडकर्ते खरोखर हजर असतात. पण तेराव्या वर्षी रडारसमोर उभे केलेले मूल त्या दिवशी हातात असेल नसेल तेवढे बळ लावते, आणि त्या आकड्याचा ग्राहक त्या वेळी त्याच्या आईवडिलांशिवाय कोणीही नसतो.

व्यावसायिक होण्याची वाट कशी आहे, हे क्लबच्या माहितीपत्रकात एका बाणाने दाखवले होते, म्हणून ती मी स्वतः समजून घेतली. एनसीएएच्या अंदाजानुसार हायस्कूल बेसबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी सातेक मुले कोणत्या ना कोणत्या एनसीएए महाविद्यालयात खेळतात, आणि डिव्हिजन १ पर्यंत दोन. तिथे कित्येक वर्षे एका संघाला मिळून ११.७ शिष्यवृत्त्या असत आणि त्या सत्तावीस मुलांत वाटल्या जात, त्यामुळे पूर्ण शिष्यवृत्ती ही अपवादाची गोष्ट होती. २०२५-२६ पासून, नव्या व्यवस्थेत सामील झालेल्या महाविद्यालयांना शिष्यवृत्तीची मर्यादा नाही, पण संघात ३४ च खेळाडू ठेवता येतात, म्हणजे जागा कमी झाल्या. डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती मिळतच नाही. मेजर लीगचा ड्राफ्ट (संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची प्रक्रिया) पूर्वी ४० फेऱ्यांचा होता, २०२१ पासून तो २० फेऱ्यांचा आहे आणि त्यात सहाशेच्या आसपास खेळाडू निवडले जातात, त्यांतले बहुसंख्य महाविद्यालयांतून. निवड झाली तरी पुढे मेजर लीगखालच्या मायनर लीगच्या पायऱ्या आहेत. २०२३ च्या करारानुसार लो-ए मध्ये वर्षाला २६,२०० डॉलर, डबल-ए मध्ये ३०,२५० आणि ट्रिपल-ए मध्ये ३५,८०० डॉलर असे किमान वेतन ठरले, आणि ते आधीच्या मानाने बरेच सुधारलेले होते. आम्ही वर्षाला खर्च केलेले पैसे महाविद्यालयाच्या बचतखात्यात टाकले असते तर दहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत जी रक्कम साठली असती, ती बहुतेक आंशिक शिष्यवृत्त्यांपेक्षा मोठी झाली असती.

भारतीय घरांतली मुले आज पिचर कुमार रॉकरचे नाव अभिमानाने घेतात, आणि ते योग्यच आहे. त्याची आई भारतीय वंशाची, शाळा आमच्याच जॉर्जियातली. पण त्याची वाटचाल मुलांना पूर्ण सांगितली पाहिजे. २०१८ मध्ये हायस्कूलमधून त्याची निवड ड्राफ्टच्या ३८ व्या फेरीत झाली आणि तो व्हँडरबिल्ट विद्यापीठात शिकायला गेला. पुढच्याच वर्षी त्याने ड्यूक विद्यापीठाविरुद्ध एकही हिट (बेस गाठून देणारा फटका) न देता १९ फलंदाज स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले. २०२१ मध्ये मेट्स या मेजर लीग संघाने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडले, पण वैद्यकीय तपासणीनंतर करार झाला नाही. २०२२ मध्ये रेंजर्सने तिसऱ्या क्रमांकावर घेतले, २०२३ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो पहिला मेजर लीग सामना खेळला. इतकी असामान्य गुणवत्ता असलेल्या मुलाच्या वाटेतही करार होणार की नाही हे एका हाताच्या तपासणीवर ठरले, मग आपल्या मुलाचा हात बाराव्या वर्षी एका प्लास्टिकच्या चषकासाठी कोणाच्या हवाली करायचा याचा विचार आपणच केला पाहिजे.

तुम्ही सही करण्यापूर्वी क्लबला काय विचारावे, याबद्दल माझे मत आता पक्के झाले आहे. चेंडू कोण मोजतो, तो आकडा त्याच संध्याकाळी पालकांना दिसतो का, आणि मर्यादा आली की अंतिम सामन्यातही पिचर बदलला जातो का, हे लेखी मागा. संघात किती मुले असतील हा आकडा करारात घालून घ्या. वर्षातले कोणते महिने पूर्ण सुट्टीचे आहेत, दुखापत झाली तर फीचे काय, आणि ठराविक हॉटेलांतच राहावे लागेल अशा स्पर्धा किती, हे विचारा. ज्या क्लबला या प्रश्नांचा राग येतो, तिथून निघून यायला संकोच वाटू देऊ नका. क्लबमधून किती मुले ड्राफ्ट झाली हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. एखादा गुणी मुलगा शेवटच्या उन्हाळ्यात तीन सामने खेळून गेला तरी त्याचे छायाचित्र संकेतस्थळावर झळकते.

गेल्या ऑगस्टपासून मुलगा एका लहान क्लबकडे खेळतो, जिथे प्रत्येक वयोगटाचा एकच संघ आहे, फी १,९०० डॉलर आहे आणि नोव्हेंबर ते जानेवारी चेंडू फेकायला बंदी आहे. त्या महिन्यांत तो बास्केटबॉल खेळतो. तो आता मुख्यतः सेकंड बेसवर असतो आणि पिचिंग महिन्यातून दोनदा करतो. जुन्या क्लबमधला तो तरुण प्रशिक्षक दुसऱ्या राज्यात गेला, तरी त्याने लावलेली सरावाची शिस्त तिथे टिकून आहे असे ऐकते, त्यामुळे दहा ते बारा वर्षांच्या, इनफिल्ड शिकू पाहणाऱ्या मुलासाठी मी तो क्लब आजही सुचवेन, मात्र संघ बारा-तेरा मुलांचाच असेल याची खात्री करून घेऊन. पिचर असलेल्या मुलाला, चेंडूंच्या मोजणीची लेखी हमी मिळेपर्यंत, तिथे पाठवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.